भाव, आणि पुढे कारण

आमच्या दुकानात कुणी भाव विचारला की आधी शाळा भरायची. गिऱ्हाईक घाईत असायचं, बाहेर टेम्पो आडवा लावलेला असायचा, मागचे हॉर्न मारून जीव काढत असायचे, आणि आमचे सर काउंटरच्या आतून शांतपणे म्हणायचे, "भाव सांगतो. आधी मला सांगा, मशीन कशाला हवंय? चालवणार कोण? आणि बिघडलं तर कुणाकडे जाणार?" या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय भाव नाही. फोनवर तर कधीच नाही. "फोनवर आकडा कळतो हो, भाव नाही कळत," असं म्हणून फोन ठेवून द्यायचे. मी कपाळाला हात लावायचे.

चिंचपोकळी स्टेशनला उतरून लालबागकडे निघालं की डाव्या हाताला जी गाळ्यांची रांग आहे, त्यात आमचं दुकान. ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कापायचे कटर, सुतारांचे विजेवर चालणारे रंधे, असलं सगळं. मी तिथे लागले तेव्हा डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत आठवडाभर तोच विषय. आई म्हणाली, "पुरुषांच्या दुकानात उभी ऱ्हवतलस काय गो?" मी म्हटलं, साड्यांच्या दुकानात तरी कोण उभं असतं, पुरुषच ना? दुकानात पहिलं वर्षभर गिऱ्हाइकं मला ओलांडून मागे बघायची. "शेठ कुठायत?" सर आतून म्हणायचे, "शेठ इथे कुणी नाही. बाईंना विचारा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं." हे धादांत खोटं होतं, पण त्या वाक्याच्या लाजेने मी सगळं शिकले.

सर आधी एका औद्योगिक शाळेत फिटिंग शिकवायचे. वडिलांचा हा पागडीचा गाळा होता, तिथे सायकलचे सुटे भाग मिळायचे. वडील गेले तेव्हा सरांनी नोकरी सोडली आणि गाळा चालवायला घेतला. शाळा सुटली, मास्तरकी सुटली नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याशी शेवटचं बटण लावलेलं, खिशात पेनाऐवजी खडू. आणि दुकानात शिरताच समोर फळा.

त्या फळ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण असला फळा मी अख्ख्या मुंबईत दुसऱ्या कुठल्या दुकानात बघितला नाही. त्यावर एकाच मशीनचा भाव लिहिलेला असायचा. तेरा एमएमचं ड्रिल, जे भिंतीला भोक पाडायला प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असतं तेच. पण भाव फक्त आमचा नाही. नागदेवीच्या बाजारात किती, दादरला किती, ऑनलाइन किती, आणि प्रत्येकाच्या पुढे 'कारण' म्हणून रकाना. नागदेवीपुढे लिहिलेलं असायचं, 'घाऊक माल, रोख पैसे, नंतर ओळख दाखवत नाहीत.' दादरपुढे, 'नव्या गाळ्याचं भाडं जास्त.' आणि आमच्या नावापुढे, स्वच्छ अक्षरात, 'पागडीचं दुकान, भाडं नगण्य. यात मालकाचं कर्तृत्व नाही.'

"सर, हे पुसा," मी म्हणायचे. "दुसरीकडे स्वस्त मिळतं हे आपणच सांगायचं?"

"अगं, त्याला कळणारच आहे. मग कारणासकट कळू दे."

"आणि तो तिकडेच गेला तर?"

"कारण वाचून गेला ना? मग शहाणा होऊन गेला."

शहाणी गिऱ्हाइकं बाहेर पाठवणारा हा एकमेव दुकानदार असेल. पण गंमत अशी की गेलेल्यांतले बरेच परत यायचे. कुणी सहा महिन्यांनी, कुणी मशीन जळल्यावर, कुणी नुसतं फळा वाचायला.

सरांना एकच व्यसन होतं. परगावी गेले की त्या ड्रिलचा भाव विचारून यायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, याला इतक्या वैतागलेल्या की सांगता सोय नाही. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत दोघं उभी होती. पाऊण तासाने काकूंनी मागे वळून बघितलं तर नवरा गायब. दर्शन झालं, प्रसाद घेतला, बाहेर येऊन बघतात तर हे समोरच्या गल्लीतून लगबगीने येतायत. "शंभराने महाग आहे इथे," हे पहिलं वाक्य. "पण माणूस चांगला आहे. मशीन दुरुस्तीला टाकलं की तोवर दुसरं वापरायला देतो. फाउंड्रीवाल्यांचं काम अडत नाही. शंभर रुपये त्याचे आहेत." काकू म्हणाल्या, "देवीला काय सांगू? पुढच्या वेळी भेटतील म्हणून?"

मुलीच्या लग्नाची बोलणी करायला नाशिकला गेले तिथेही तेच. चहा झाला, पोहे झाले, मानपानाचा विषय निघणार एवढ्यात सर उठले आणि "आलोच" म्हणून बाहेर पडले. मुलाकडच्यांना वाटलं, रुसले. मुलाचे वडील बिचारे चपला घालून मागे धावले. त्यांना सर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात सापडले, मालकाला विचारत होते, की बाबा रे, तुला आमच्यापेक्षा दोनशेने कमी कसं परवडतं? कारण साधं होतं. तिथल्या कारखान्यांना एकेका वेळी पन्नास-पन्नास मशीन लागतात, कंपनी दुकानदाराला मोठी सूट देते, त्यातली थोडी किरकोळ गिऱ्हाइकालाही मिळते. लग्न ठरलं. व्याही पुढे सगळ्यांना सांगायचे की आमच्याकडे हुंड्याची नाही, ड्रिलची बोलणी झाली.

अशा दुकानांत सर चहा घ्यायचे नाहीत. आपल्याला काही विकत घ्यायचं नाही, तर चहा कसा प्यायचा, हा त्यांचा नियम. आणि खोटं गिऱ्हाईक बनून भाव काढणं त्यांना मंजूर नव्हतं. आत शिरल्याबरोबर सांगायचे, "माझंही असंच दुकान आहे, मुंबईला. घ्यायचं काही नाही. फक्त भाव आणि कारण सांगा." निम्मे लोक हाकलून द्यायचे. उरलेले निम्मे इतके खूश व्हायचे की तासभर सोडायचे नाहीत. दुकानदाराला कुणी 'का' असं कधी विचारतच नाही ना, सगळे 'किती कमी करणार' तेवढंच विचारतात.

मोबाइल हातात आल्यापासून तर रोजचा तमाशा. पोरं यायची, स्क्रीन आमच्या नाकासमोर धरायची. "अंकल, ये देखो, साडेचारशे कम." मला रागच यायचा. वाटायचं, म्हणावं, मग जा ना बाबा त्या मोबाइलकडेच दुरुस्तीला. सर मात्र चष्मा कपाळावर चढवून त्या पोराच्या फोनमध्ये डोकं घालायचे, बारीक अक्षरं मोठ्याने वाचायचे. "हे बघ, यात बॅटरी एकच आहे आणि चार्जर नाही. तो वेगळा घ्यावा लागेल, म्हणजे झाले किती?" पोरगं हिशोब करायचं आणि फोन खिशात घालायचं. पण कधीकधी सगळं वाचून झाल्यावर म्हणायचे, "नाही रे, हे खरंच स्वस्त आहे. जुन्या मॉडेलचा माल संपवतायत. घे, तिथूनच घे." आणि मी आतल्या आत धुमसत बसायचे. त्या दिवशी बोहनीसुद्धा झालेली नसायची.

नकली माल त्यांना कानाने कळायचा. कुणी स्वस्तात मिळालेलं ग्राइंडर घेऊन आला की सर ते चालू करायचे आणि डोळे मिटायचे. बंद केल्यावर सांगायचे, "आत तांबं नाही, ॲल्युमिनियमची तार आहे. महिनाभर चालेल." महिनाभर म्हणजे महिनाभरच चालायचं.

आता प्रसादबद्दल. प्रसाद त्यांचा औद्योगिक शाळेतला विद्यार्थी, कुडाळचा. शिकून मुंबईत पाच-सहा वर्षं एका वर्कशॉपमध्ये राबला, मग गावी जाऊन आमच्यासारखंच दुकान टाकायचं त्याच्या मनात आलं. सरांनी सगळं केलं त्याचं. कुठला माल ठेवायचा, कंपनीच्या माणसाशी कसं बोलायचं, मोटरीत झिजणारे कार्बन ब्रश किती ठेवायचे. सर स्वतः जाऊन त्याच्या दुकानाचा फळा टांगून आले. माझंही माहेरचं मूळ तिकडचंच, त्यामुळे प्रसाद मला ताई म्हणायचा आणि गणपतीनंतर येताना आईसाठी मालवणी खाजं आणायचा. मुलगा सरळ. मुंबईपेक्षा दीडशेने महाग विकायचा आणि कारण लिहून ठेवायचा, 'मुंबईहून वाहतूक. दुरुस्ती इथेच, तुमच्या दारात.' लोक वाचायचे, हसायचे आणि घ्यायचे. सरांना त्याच्या दुकानाचं स्वतःच्या दुकानापेक्षा कौतुक. कुणी आलं की सांगायचे, "आमची एक शाखा कुडाळला आहे." शाखा कसली, पैशाचा संबंध नाही. पण सांगताना त्यांचा चेहरा बघत राहावा असा व्हायचा.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते.

आमच्या धंद्यात कंपनी दुकानदाराला दर तीन महिन्यांचं टार्गेट देते. तेवढी मशीन उचलली आणि विकली, तर सगळ्या खरेदीवर मागून सूट मिळते. एक जरी कमी पडलं तर काही नाही. म्हणून तिमाही संपत आली की दुकानदार खरेदीच्या भावाखालीही माल फुंकून टाकतात. त्या दोन दिवसांत जो भाव मिळतो तो वर्षभर मिळत नाही. सर हे गिऱ्हाइकांना शिकवायचे, पण स्वतः कधी तसं करायचे नाहीत. टार्गेट हुकलं तर हुकलं.

त्या तिमाहीला आम्ही चोवीस ड्रिलनी कमी होतो. आधीच्या दोन तिमाह्याही हुकलेल्या. सर साताऱ्याला कुणाच्या तरी एकसष्टीला गेलेले. आणि तीस तारखेला दुपारी एक माणूस आला, म्हणाला, "मॅडम, चोवीस एकदम उचलतो, पण भाव माझा." त्याने सांगितलेला भाव आमच्या खरेदीपेक्षा कमी होता, पण मागून येणारी सूट धरली तर दुकान चांगलं फायद्यात येत होतं. मी विचारलं, कुठे लागणार मशीन? "पनवेलला, साइटवर." साइटवाला माणूस एक तरी मशीन लावून बघतो. याने खोकंसुद्धा उघडलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आला होता, असं म्हणणं जास्त खरं. पण मला सरांना दाखवायचं होतं की तुम्ही नसताना मी टार्गेट पूर्ण केलं. मी चोवीस खोकी मोजून दिली. सर आले, मी सांगितलं. "पनवेलला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो." ते खूश झाले नाहीत, पण रागावलेही नाहीत. मी मात्र दोन दिवस मिरवत होते.

तीन आठवड्यांनी प्रसादचा फोन आला. त्याच्या समोरच्या सिमेंट-पाइपच्या दुकानात तेच ड्रिल आलं होतं, प्रसादच्या खरेदीपेक्षा तीनशेने स्वस्त. पावसाळा नुकताच संपलेला, घरांची कामं सुरू व्हायची वेळ, प्रसादने उधार-उसनवार करून माल भरून ठेवलेला. माल पडून होता त्याचं त्याला एवढं नव्हतं. "सर, लोक म्हणतायत मी एवढे दिवस त्यांना लुटलं," असं म्हणाला. "काल एक जण दुकानात येऊन फळा पुसून गेला." सरांनी रात्रीची एसटी पकडली. कारण शोधायला निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा दुकानात फोन. "एक नंबर सांगतो, लिहून घे. मशीनवरचा आहे. आपल्या बिलांत बघ." बिल काढायचीसुद्धा गरज नव्हती. त्या चोवीस खोक्यांवरचे नंबर मी स्वतः लिहिले होते, एकापुढे एक. मी म्हटलं, "सर, आपलंच आहे. पनवेलवाल्याला दिलेलं." पलीकडे कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, तो आवाज येत राहिला. मग सर म्हणाले, "बरं," आणि फोन बंद.

दोन दिवसांनी परत आले ते पंधरा खोकी घेऊन. समोरच्याकडे उरलेली सगळी मशीन त्यांनी विकत घेतली होती, त्याच्या भावाने. हमालाने खोकी आत ठेवली. मी उभी राहिले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. म्हटलं, "सर, मी प्रसादला फोन करते. मी सांगते त्याला."

"मी बोललोय त्याच्याशी."

"पण सर, चूक माझी..."

"पाटीवर तुझं नाव नाही," ते म्हणाले. "खोकी आत लाव. वाटेत आहेत." त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. ओरडले असते, काढून टाकलं असतं तर मी काय केलं असतं? घरी मुलाची फी भरायची होती. मी गप्प बसले आणि तेही मला गप्प बसू देत राहिले.

प्रसादचं दुकान त्या दिवाळीला बंद झालं. स्वस्त मशीन संपलं तरी लोकांच्या मनातलं गेलं नाही. गावात एकदा माणूस लुटारू ठरला की तो काय करणार? तो मडगावला एका हॉटेलात मेंटेनन्सच्या कामाला लागला असं कळलं. गणपतीनंतर यायचा तो आला नाही. मला वाटलं, दुकान गेल्याची शरम असेल. मी चौकशी केली नाही. खोटं कशाला बोलू, धीर झाला नाही.

सर यंदा माघात गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. आता दुकान मी आणि काकू मिळून बघतो. फळा आहे. माझं अक्षर त्यांच्यासारखं येत नाही, पण लिहिते. त्यांच्यामुळे माझ्यासारखी दहावी पास बाई आज चार कंत्राटदारांना उभं करून तीन प्रश्न विचारते आणि ते उत्तरं देतात. असा माणूस पुन्हा भेटणार नाही, एवढं मला ठाऊक आहे.

तेराव्याला सरांच्या दादरच्या घरी गेले तर गॅलरीत प्रसाद उभा. केस पांढरे झालेले. मडगावहून रात्रीच्या गाडीने आला होता. मी जवळ गेले. तोच बोलला.

"ताई, एक विचारू? आता विचारायला हरकत नाही. सरांनी ती मशीन का दिली हो त्या माणसाला? इतकं काय अडलं होतं त्यांचं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "सरांनी दिली, असं कोण म्हणालं तुला?"

"सरच. माझ्या दुकानात उभे राहून. म्हणाले, प्रसाद, माझ्याकडून गेलीयत, टार्गेटसाठी मी दिली, चूक माझी आहे. हात जोडले त्यांनी माझ्यापुढे." तो थांबला. "दुसरा कुणी असता तर मी सोडून दिलं असतं ताई. धंद्यात करतात सगळे. पण त्यांनी करावं? मला इतर सगळ्यापेक्षा तेच लागलं."

खाली रस्त्यावर भाजीवाल्या बायांची भांडणं चालली होती.

"सरांनी नाही दिली," मी म्हटलं. "मी दिली. सर साताऱ्याला होते, एकसष्टीला. त्यांना काही माहीत नव्हतं. मी दिली, आणि मी तुला कधी सांगितलं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की आता हा मला बोलेल, आणि त्याने बोलावं असं मनापासून वाटत होतं. आतून काकूंनी हाक मारली, पानं वाढलीयत म्हणून.

"बोल रे काहीतरी," मी म्हटलं. "शिव्या दे. माझ्यावर काढ राग. माझीच चूक आहे."

"तुमच्यावर काढून काय करू ताई?" प्रसाद म्हणाला. "दर वर्षी चतुर्थीला फोन यायचा त्यांचा. सहा वर्षं. मी कापायचो."